तिलारीच्या रानातला सोनपाठी सुतार नेमका कोणता?

रानवाट :
नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोडामार्ग तालुक्यात मामेभावाकडे गेलो होतो. त्याची काजूची बाग तिलारीच्या जंगलाला अगदी लागून आहे. बागेचा गडगा ओलांडला की ऐन, किंजळ आणि नाणा यांचे दाट रान सुरू होते. सकाळी साडेसातच्या सुमारास गडग्याजवळ उभा असताना एका वठलेल्या किंजळीवरून टकटक ऐकू आली. वीसेक पावलांवर एक सुतार पक्षी खोडाला धरून बसला होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती. पाठ व पंख झळझळीत सोनेरी, डोक्यावर लालभडक तुरा. तो चोचीने सालीचा पापुद्रा उचकटून खाली टाकायचा, मान तिरकी करून फटीत डोकवायचा आणि मग दोन उड्या मारून आणखी वर सरकायचा. तेवढ्यात रस्त्यावरून एक दुचाकी गेली, तसा तो खोडाआड झाला आणि लाटेसारखा वर-खाली होत रानात उडून गेला. उडताना शेपटीच्या लगेच वर मला लाल रंग दिसला.

घरी आल्यावर नोंदवहीत ‘सोनपाठी सुतार’ असे लिहिले आणि सवयीने पुस्तक उघडून पाहिले, तर नेहमीच्या सोनपाठी सुताराची कंबर काळी असते असे त्यात दिले आहे. तेव्हापासून हा विषय मनातून जात नाही. माझ्याजवळ तीन छायाचित्रे आहेत. पहिले हललेले आहे, दुसरे पाठमोरे आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे, तिसऱ्यात पक्षी उडताना दिसतो व लाल रंगाचा धूसर पट्टा दिसतो. गाल आणि गळा एकाही छायाचित्रात आलेला नाही. हा पक्षी कोणता असावा आणि पुढच्या वेळी अशा सुताराकडे नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टकटक :
अभिनंदन. माझ्या मते हा आपला नेहमीचा सोनपाठीच असावा. कोकणात माडाच्या बागांतून तोच सगळीकडे दिसतो.

पाणवठा :
रानवाट, आपण निरीक्षण फार चांगले लिहिले आहे. मात्र एक शंका आधी दूर करू या. लाल तुरा असलेला पक्षी आपल्यापासून दूर उडत असताना तुऱ्याचा रंग आणि कमरेचा रंग यांची नजरेत सरमिसळ होऊ शकते. तिसऱ्या छायाचित्रातला लाल पट्टा शेपटीच्या मुळाशी आहे की डोक्याकडे, हे कृपया नीट पाहून सांगा. बसलेल्या सुताराची कंबर बहुतेक वेळा मिटलेल्या पंखांखाली झाकलेली असते, ती उडताना किंवा पंख सैल सोडून वर चढतानाच दिसते. म्हणून ते एक छायाचित्र धूसर असले तरी मोलाचे आहे.

रानवाट :
पाणवठा, आत्ताच पुन्हा पाहिले. काळी शेपूट स्पष्ट कळते आणि लाल पट्टा तिला चिकटूनच आहे. डोके पंखाआड गेल्यामुळे तुरा त्या छायाचित्रात दिसतच नाही.

घाटमाथा :
मग टकटक यांच्या मताशी मला सहमत होता येत नाही, आणि याचे कारण थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोनेरी पाठीच्या सुतारांबाबत आपल्याकडे सर्रास अशीच गफलत होते. पाठ सोनेरी दिसली की आपण ‘सोनपाठी’ म्हणून मोकळे होतो. पण सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला सोनेरी पाठीच्या चार जातींचा विचार करावा लागतो आणि त्या चौघांत पाठीचा रंग हे सर्वांत निरुपयोगी लक्षण आहे.

पहिला म्हणजे नेहमीचा सोनपाठी सुतार, ज्याला इंग्रजी पुस्तके ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक म्हणतात. तो २६ ते २९ सेंमी लांबीचा असतो, शहरातल्या बागांपासून आमराईपर्यंत कुठेही राहतो. त्याची कंबर काळी आणि गळाही काळा असून गळ्यावर पांढरे ठिपके असतात. ‘कंबर काळी, गळा काळा’ ही जोडी या चौघांपैकी दुसऱ्या कोणाकडेही नाही, त्यामुळे समोरून पाहिलात तरी आणि मागून पाहिलात तरी तो ओळखता येतो. त्याच्या गालावर मिशीसारखी वेगळी रेघ नसते.

दुसरा कॉमन फ्लेमबॅक. नाव ‘कॉमन’ असले तरी महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तो कधीच दिसणार नाही, कारण आपल्या बाजूला तो पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडील ओलसर रानांचा रहिवासी आहे. त्याची कंबर लाल, गळा पांढुरका, गालावर एकच ठसठशीत काळी मिशी आणि मानेची मागची बाजू काळी असते.

तिसरा मलबार फ्लेमबॅक. याला पूर्वी ग्रेटर फ्लेमबॅकची उपजात मानत असत, आता स्वतंत्र जात धरतात. हा अंगाने थोराड, त्याची चोच लांब व दणकट. कंबर याचीही लाल. परंतु गालावरची मिशी दुभंगलेली असते, म्हणजे दोन काळ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये पांढरा लांबट ठिपका. शिवाय डोळा फिकट असतो.

चौथा पांढऱ्या मानेचा सुतार. त्याची कंबर काळी असते, त्यामुळे आपल्या पक्ष्यापुरता तो बाजूला ठेवता येईल. सारांश, लाल कंबर खरी असेल तर प्रश्न फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्यातच उरतो.

सोनचाफा :
घाटमाथा, आपले लेखन वाचून फार आनंद झाला. मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्याकडे गोंधळ याच्याही एक पायरी आधी सुरू होतो. मुलांना सुतार पक्ष्याचे चित्र काढायला सांगितले की निम्मी मुले डोक्यावर पंख्यासारखा तुरा आणि बाकदार लांब चोच काढतात, म्हणजे हुदहुद्या काढतात. पालकसुद्धा अंगणात किडे टिपणाऱ्या हुदहुद्याला खुशाल सुतार म्हणतात. मी मुलांना एवढेच सांगते की हुदहुद्या जमिनीवर चालतो आणि मातीत चोच खुपसतो. सुतार मात्र खोडाला उभा चिकटतो आणि शेपटीची ताठ पिसे तिसऱ्या पायासारखी खोडाला टेकवतो. एकदा मुलांनी ही शेपूट टेकवण्याची लकब पाहिली की ती पुन्हा चुकत नाहीत.

आपण सांगितलेल्या चार डोक्यांची चित्रे उद्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढून पाहणार आहे.

माळरान :
सोनचाफाताई, यात तांबटही जोडा. भर दुपारी ‘टुक टुक टुक’ असा एकसारखा आवाज आला की कितीतरी लोक ‘सुतार झाड पोखरतोय’ असे म्हणतात. तो तांबटाच्या गळ्यातला आवाज असतो. तांबटही वठलेल्या फांदीत ढोली कोरतो, त्यामुळे हा गैरसमज अधिकच पक्का होतो.

गोमंतक_रान :
मी गोव्यात सत्तरीच्या बाजूला राहतो, म्हणजे रानवाट यांनी पाहिलेल्या रानापासून फार लांब नाही. लाल कंबरेचे दोन्ही सुतार मी पाहिले आहेत आणि त्यांनी मला पुष्कळ वर्षे गोंधळातही पाडले आहे, म्हणून अनुभवाचे चार शब्द लिहितो.

गालावरची मिशी हे लक्षण पुस्तकात जितके सोपे वाटते तितके रानात नसते. पक्षी तीस पावलांवर सावलीत असेल तर दोन रेघांमधला पांढरा ठिपका विरघळून जातो आणि मलबार फ्लेमबॅकची मिशीही एकच वाटते. याउलट कॉमन फ्लेमबॅकच्या मिशीवर उन्हाची तिरीप पडली तर ती मध्येच तुटल्यासारखी भासते. म्हणून मी आता आधी डोळा पाहतो. फिकट डोळ्यामुळे मलबार फ्लेमबॅकचा चेहरा रोखून पाहिल्यासारखा दिसतो, कॉमन फ्लेमबॅकचा डोळा गडद असल्याने चेहरा शांत वाटतो. त्यानंतर चोच पाहतो. मलबारची चोच डोक्याइतकी लांब आणि छिन्नीसारखी जड वाटते.

मादी दिसली तर काम आणखी सोपे होते. तिघींच्या डोक्यांत स्पष्ट फरक आहे. नेहमीच्या सोनपाठीच्या मादीचे कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके आणि मागचा तुरा मात्र लाल. कॉमनच्या मादीचा सगळा माथा काळा व त्यावर पांढऱ्या बारीक रेघा. मलबारच्या मादीचा माथाही काळाच, पण त्यावर गोल पांढरे थेंब शिंपडल्यासारखे असतात. रेघा आणि थेंब यांतला हा फरक चांगल्या दुर्बिणीतून नक्की कळतो.

रानवाट यांनी त्याच जागी पुन्हा जाऊन भ्रमणध्वनीवर दोन्ही जातींचे आवाज लावून पाहावेत. पक्षी हद्दीतला असेल तर समोर येईल आणि प्रश्न मिटेल.

पाणवठा :
गोमंतक_रान, आपल्या निरीक्षणांबद्दल मनापासून आदर आहे. परंतु शेवटच्या सूचनेला माझा स्पष्ट विरोध आहे. हिवाळा सरत आला की सुतारांची ढोली कोरण्याची व जोडी जमवण्याची धावपळ सुरू होते. अशा वेळी त्यांच्या हद्दीत परक्या नराचा आवाज लावला की घरचा नर सगळे सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. ढोलीत अंडी किंवा पिल्ले असतील तर तेवढा वेळ ती उघडी पडतात. एका वठलेल्या झाडापाशी एका हंगामात पाच जणांनी येऊन असे केले तर जोडी ती जागा सोडूनही जाऊ शकते. आपली नोंदवही पूर्ण व्हावी यासाठी पक्ष्याने ही किंमत का मोजावी? आपण सकाळी दोन तास शांत बसू शकतो. तो पक्षी त्या किंजळीवर पुन्हा येईल, कारण वठलेले खोड म्हणजे त्याचे ताट आहे.

गोमंतक_रान :
पाणवठा, आपले म्हणणे मान्य आहे. विणीच्या दिवसांत मी स्वतःही आवाज लावत नाही, पण हे वाक्य लिहिताना ती अट घालायला हवी होती. रानवाट, माझी सूचना मागे घेतो. त्याऐवजी त्या खोडाच्या पूर्वेला बसा, म्हणजे सकाळचे ऊन आपल्या पाठीमागून पक्ष्यावर पडेल.

पेंचकाठ :
घाटमाथा यांनी पांढऱ्या मानेच्या सुताराला चार ओळींत बाजूला ठेवले, त्यामुळे विदर्भाच्या वतीने थोडे लिहावेसे वाटले. आमच्याकडच्या सागाच्या कोरड्या रानात हाच सुतार खरा देखणा. मागून पाहिला तर मानेपासून पाठीच्या वरच्या भागापर्यंत शुभ्र पांढरा रंग उतरलेला असतो आणि दोन्ही खांद्यांवर काळे पट्टे असतात, त्यामुळे पांढऱ्या रंगाचा उलटा त्रिकोण तयार होतो. सोनेरी रंग फक्त पंखांवर उरतो. मादीचा माथा पिवळा असतो, आणि असा पिवळा माथा या चौघांत दुसऱ्या कोणत्याही मादीचा नाही.

मी पहिल्यांदा हा पक्षी पेंचमध्ये पाहिला तेव्हा दोन वर्षे त्याला नेहमीचा सोनपाठीच समजत होतो, कारण मी पंख पाहिले आणि पाठ पाहिलीच नाही. एका वनरक्षकाने मला थांबवून विचारले, “साहेब, पाठ कशी होती ते सांगा, पंख नका सांगू.” त्या दिवसापासून सुतार दिसला की मी मनात क्रमाने बोलतो : मान, पाठ, कंबर, गळा, गाल. पक्षी उडून गेला तरी जे बोललो ते लक्षात राहते.

टकटक :
सर्वांचे लेखन वाचून माझे मत बदलत आहे. एक प्रश्न आहे. कॉमन फ्लेमबॅकला पायाला तीनच बोटे असतात असे वाचले होते. मग छायाचित्रात बोटे मोजून निकाल का लावू नये?

घाटमाथा :
टकटक, माहिती अचूक आहे. कॉमन फ्लेमबॅकला तीन बोटे असतात, मलबार फ्लेमबॅकला चार. नेहमीच्या सोनपाठीला चौथे बोट आहे, पण अगदी खुरटलेले. तथापि हे लक्षण संग्रहालयात पक्षी हातात घेणाऱ्यांच्या कामाचे आहे. खोडावर चढताना मागचे बोट बाजूला वळवलेले असते, ते सालीच्या भेगेत किंवा अंगाखाली दडते, आणि चार बोटांच्या पक्ष्याची तीनच दिसतात. ‘चार दिसली’ हा पुरावा होऊ शकतो, ‘तीन दिसली’ हा होत नाही.

दूरदेशी :
मी गेली बारा वर्षे न्यू जर्सीत आहे. इथेही हाच पेच आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवले नाही. आमच्या अंगणात दाण्याच्या पिंजऱ्यावर डाउनी आणि हेअरी असे दोन सुतार येतात. दोघेही काळे-पांढरे, दोघांच्याही नराच्या डोक्यामागे लाल ठिपका, आणि रंगसंगती इतकी सारखी की नवख्याला एकच जात वाटावी. फरक चोचीत आहे : डाउनीची चोच डोक्याच्या मानाने अगदी आखूड, हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी. डाउनीच्या शेपटीच्या बाहेरच्या पांढऱ्या पिसांवर काळे ठिपके असतात, हेअरीच्या बहुधा नसतात. लहानपणी सांगलीला मामाच्या मळ्यात बाभळीवर छोटासा ठिपक्याठिपक्यांचा सुतार पाहायचो, त्याचे नाव मात्र आजवर कळलेले नाही. पिवळसर कपाळ होते एवढे आठवते.

माळरान :
दूरदेशी, तो मराठा सुतार. कपाळ व माथा पिवळा, नराच्या डोक्यामागे लाल पट्टा, पाठ काळपट तपकिरी व त्यावर पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी, छाती रेघाळ आणि पोटावर लालसर डाग. लांबी जेमतेम १७-१८ सेंमी. बाभळीचे माळ, शेताचे बांध, विरळ रान ही त्याची जागा, दाट सदाहरित जंगल त्याला मानवत नाही. लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याला ‘महरट्टेन्सिस’ असे शास्त्रीय नाव दिले आणि आपल्या मुलखाचे नाव या पक्ष्याला कायमचे जोडले गेले. आपल्याकडच्या किती शाळांमध्ये हे सांगितले जाते, याचा विचार करावासा वाटतो.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. नेहमीच्या सोनपाठीची केरळकडची उपजात आहे, पाठीवर जरा अधिक हिरवट छटेची. तिला १९३४ साली ‘तेहमिनी’ हे नाव दिले गेले, ते सालिम अलींच्या पत्नी तेहमिना यांच्या सन्मानार्थ. तेहमिनाबाई त्यांच्या अनेक सर्वेक्षणांत सोबत असत. पक्ष्याच्या नावात त्यांची आठवण राहिली याचे मला फार समाधान वाटते.

रानवाट :
सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेतून मी जितके शिकलो तितके दोन वर्षांत शिकलो नव्हतो. मात्र आज एक नवीच अडचण उभी राहिली आहे. त्या सकाळी मी भ्रमणध्वनीवर काही सेकंदांचे चित्रीकरण केले होते, ते विसरूनच गेलो होतो. त्यात पक्षी धड दिसत नाही, पण आवाज आला आहे. खंड्याच्या खिंकाळण्यासारखी, वरच्या पट्टीत सुरू होऊन घरंगळत जाणारी ‘की-की-की-की’ अशी हाक आहे. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपला ती ऐकवली, तर उत्तर आले : ब्लॅक-रम्प्ड फ्लेमबॅक. म्हणजे नेहमीचा काळ्या कंबरेचा सोनपाठी. मग मी पाहिलेली लाल कंबर खोटी मानायची का?

गोमंतक_रान :
हाकेचे आपण केलेले वर्णन त्याच जातीला चपखल बसते. ॲपचे उत्तर बरोबर असावे असे मला वाटते. मलबार फ्लेमबॅकचा आवाज वेगळा असतो. तो कोरडा, धातूवर घासल्यासारखा, एखादा मोठा रातकिडा ओरडतो आहे असा वाटतो. खंड्याची आठवण त्यावरून होणार नाही.

पाणवठा :
परंतु रानवाट, ती हाक आपण पाहिलेल्या पक्ष्यानेच दिली, हे आपल्याला कसे कळले? हाक देताना त्याची चोच उघडलेली आपण पाहिली होती का? कानाने एक ऐकणे आणि डोळ्याने दुसरे पाहणे, आणि मनाने दोघांना एक करून टाकणे, हे आपल्या सर्वांच्या हातून होते. काजूची बाग आणि रान यांच्या सीमेवर आपण उभे होता. बागेच्या बाजूला नेहमीचा सोनपाठी आणि रानाच्या बाजूला दुसरा असणे अगदी स्वाभाविक आहे.

रानवाट :
पाणवठा, आपण विचारल्यावर पुन्हा तीनदा ऐकले. हाक डाव्या बाजूने आणि दुरून येते, भावाच्या माडांच्या दिशेने. चित्रीकरणात खोडावरची टकटक मात्र जवळून ऐकू येते, आणि हाक सुरू असतानाही ती थांबत नाही. एकच पक्षी चोच आपटत असताना त्याच वेळी हाक देणार नाही. तेथे दोन पक्षी होते.

सोनचाफा :
मी जाणकार नाही, तरी एक गोष्ट विचारते. मुलांसाठी चार डोकी काढायची म्हणून आज रानवाटदादांचे पाठमोरे छायाचित्र मोठे करून पाहत होते. लाल तुऱ्याच्या खाली, मानेच्या मागे, पांढरा भाग दिसतो आहे. आधी मला तो उजेड वाटला. घाटमाथादादांनी कॉमन फ्लेमबॅकची मान मागून काळी असते असे लिहिले आहे. मग हे पांढरे काय आहे?

घाटमाथा :
सोनचाफाताई, आपण नेमक्या जागी बोट ठेवलेत. मी ते छायाचित्र चार वेळा पाहिले, पण प्रत्येक वेळी गालच शोधत राहिलो आणि जो भाग समोर होता त्याकडे पाहिले नाही, याची मला खंत वाटते. मलबार फ्लेमबॅकच्या मानेची मागची बाजू पांढरी आणि दोन्ही बाजूंनी काळ्या पट्ट्यांनी बंद केलेली असते. पांढऱ्या मानेच्या सुताराचीही मान पांढरी, पण त्याचा पांढरा रंग पाठीवर उतरतो, खांदे काळे असतात आणि कंबर काळी. येथे पांढरा भाग मानेपाशीच थांबतो, खांदे सोनेरी आहेत आणि कंबर लाल. पांढरी मान, सोनेरी खांदे व लाल कंबर ही तिन्ही एकत्र असतील, तर तो मलबार फ्लेमबॅक. माथा पूर्ण लाल असल्याने नर.

गोमंतक_रान :
निष्कर्षाकडे जाण्याआधी एक खात्री करून घेऊ या. सकाळच्या तिरप्या उन्हात चकाकणारी काळी पिसेही छायाचित्रात पांढरी उमटतात. रानवाट, खोडावर दगडफुलाचे पांढरट डाग दिसतात. त्यांच्यावरची खरबरीत नक्षी छायाचित्रात टिकली आहे की तेही सपाट पांढरे झाले आहेत?

रानवाट :
मूळ छायाचित्र संगणकावर उघडून पाहिले. मानेपासून बोटभर अंतरावरच्या दगडफुलाच्या कडा, सुरकुत्या, मधला राखाडी ठिपका, सगळे स्पष्ट आहे. मानेवरचा पांढरा भागही पसरट नाही. त्याच्या दोन्ही कडांना काळी रेघ आहे, आणि उजवीकडची रेघ तुऱ्याच्या मुळापर्यंत सलग जाताना दिसते.

गोमंतक_रान :
मग माझी हरकत उरली नाही. मलबार फ्लेमबॅक, नर.

पेंचकाठ :
आमच्याकडे वनरक्षक सांगतात तोच क्रम पुन्हा खरा ठरला. मानेपासून सुरुवात करावी.

टकटक :
मी पहिल्याच उत्तरात घाईने मत दिले होते. ते बदलतो आणि सर्वांचे आभार मानतो.

रानवाट :
बऱ्याच दिवसांनी या धाग्यावर परत येत आहे. फेब्रुवारीत पुन्हा तिलारीला गेलो होतो. गोमंतक_रान यांनी सांगितल्याप्रमाणे किंजळीच्या पूर्वेला गडग्याच्या आडोशाने बसलो आणि कोणताही आवाज लावला नाही. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी आठ वाजून गेल्यावर तो आला, आणि त्याच्यामागून पाचेक मिनिटांनी दुसरा. दुसरीचा माथा काळा होता आणि त्यावर पांढरे गोल थेंब होते, रेघा नव्हत्या. ती माझ्याकडे तोंड करून खोडाच्या कडेला थांबली तेव्हा गालावरच्या दोन काळ्या रेघा आणि त्यांच्या मधला तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा ठिपका मी दुर्बिणीतून सावकाश पाहिला. डोळा फिकट होता. बोटे मात्र मोजता आली नाहीत.

मामेभावाला हे सर्व सांगितले. तो ती वठलेली किंजळ या उन्हाळ्यात जळणासाठी तोडणार होता. आता ठेवणार आहे.

एकच विचारायचे राहिले. डिसेंबरच्या पानावर ‘सोनपाठी सुतार’ असे लिहिलेले आहे, ते खोडून काढू का?

पाणवठा :
खोडू नका. त्या दिवशी माडांतून हाक देणारा सोनपाठी होताच, ती नोंद त्याची राहू द्या. तिच्याखाली आज आपण येथे लिहिले ते सर्व, मान, खांदे आणि कमरेच्या वर्णनासह, तारीख घालून लिहा. आणि मामेभावाला आमचा सर्वांचा नमस्कार सांगा.